यकृताची कणगी

बदलापूरहून पहाटेची लोकल धरून मी मुंबईला डॉक्टरकी शिकायला जात असे. अंबरनाथ, उल्हासनगर मागे पडेपर्यंत मांडीवर जीवरसायनशास्त्राचे पुस्तक उघडे असायचे. त्या साखळ्या पाठ करताना वाटे, शेतकऱ्याच्या घरात याचा काय उपयोग?

त्याच वर्षी आषाढी एकादशीला बाबांनी मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळी उपास धरला. दुपारी भातलावणीत त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. आई म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली." बाबा शुद्धीवर होते, म्हणून मी गुळाचे पाणी पाजले. थोड्या वेळाने ते सावरले.

त्या रात्री धड्याचा अर्थ उमगला. यकृत म्हणजे आपली कणगी. तिच्यात सुमारे १०० ग्रॅम साखर साठवलेली असते. उपाशीपोटी तीच रक्तात उतरते. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. कणगी रिती होत आली की यकृत नवी साखर घडवते. पण गोळीने वाढलेले इन्सुलिन या दोन्ही वाटा अडवते.

म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल, तर उपासाआधी डॉक्टरांना जरूर विचारा. बाबा आता एकादशीला विचारूनच खातात. विठोबा रागावलेला नाही.