वही मिटलेली, गाणं पाठ

जळगाव स्टेशनात गाडी शिरली तेव्हा कानात व्हर्दीचा ‘आयदा’ हा ऑपेरा चालू होता. वाद्यवृंद होता आर्तुरो तोस्कानिनीचा. पार्मात १८६७ साली जन्मलेला हा चेलोवादक १८८६ मध्ये एका ऑपेरा कंपनीबरोबर रिओला गेला. तिथं कंडक्टर कंपनी सोडून गेला, बदलीला आलेल्याला प्रेक्षकांनी उभं राहू दिलं नाही. शेवटी १९ वर्षांच्या या पोराला पुढं केलं. त्यानं स्वरलिपीची वही मिटली आणि अख्खा ‘आयदा’ पाठ वाजवून घेतला. डोळे अधू, म्हणून पाठांतर पक्कं.

जळगावात आलो होतो नारायण राजहंसांसाठी, म्हणजे मराठी रंगभूमीवरचे गायक नट बालगंधर्व यांच्यासाठी. बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात एक मावशी रंगमंच झाडत होत्या.

“कार्यक्रम आहे का आज?”

“नाही मावशी, नुसतं बघायला आलोय.”

त्यांनी खराटा थांबवला, धूळ खाली बसू दिली.

याच गावात लहानग्या नारायणाला मेहबूब खाँची तालीम मिळाली. उस्तादांनी म्हणायचं, पोरानं गळ्यात उतरवायचं. वही इथंही नव्हती.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढं साथीला थिरकवांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन. पण छडी घेऊन कुणी उभं नाही. गाणाराच सगळ्यांना घेऊन जायचा. आणि वन्समोअर! तोस्कानिनीला त्याचा तिटकारा. १९०३ मध्ये प्रेक्षक हटून बसले, तेव्हा तो मिलानचं ला स्काला सोडून निघून गेला. लिहिलेल्या सुराशी त्याचं इमान मला मोठं वाटतं. पण तेच पद दर वन्समोअरला नव्यानं फुलवणारे बालगंधर्व मला अधिक जवळचे.

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याच्या फाट्याला लागलो. मार्ग १९०० सालचा, बाहेर कपाशी. समोरच्या आजींनी विचारलं, “कथा जाई ऱ्हायना, भाऊ?”

“धुळ्याला.”

“कानमा काय शे?”

एक इअरफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदर सावरून तो कानाला लावला. तोस्कानिनीची तुतारी सुरू झाली. थोड्या वेळानं पाहिलं, तर मांडीवरच्या टोपलीच्या काठावर आजींचं बोट ठेका धरत होतं.