एकोणऐंशी म्हणजे किती?

"बाबा, बी.ई. झाल्यावर मला मीडियाचा कोर्स करायचाय."

रविवार होता, बाबांना सुट्टी होती, आई पोहे परतत होती. एवढं चांगलं वातावरण पुन्हा मिळणार नाही म्हणून मी बोलून टाकलं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"कसला मीडिया? टीव्हीवर ओरडतात तो?"

"नाही हो. ब्रॉडकास्टिंग. रेडिओ, टीव्ही, साउंड..."

"मग ई अँड टीसीची फी कशाला भरली मी?"

तर मंडळी, हा लेख म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. हाच लेख इंग्लिश सेक्शनसाठी असता तर एका रात्रीत झाला असता. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड भरावा लागायचा, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आणि चाकणच्या स्टँडवरचं. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय, चुका राहिल्या असतील तर तिच्या!

सुरुवात झाली सेकंड इयरच्या लॅबमध्ये. सुपरहेटरोडाइन रिसीव्हर. आठवतंय ना? सगळ्या बॅचने मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग्ज उतरवली होती, मीसुद्धा. पण त्या दिवशी किट चालू होतं आणि उगाच म्हणून मी १०१ मेगाहर्ट्झ लावलं. गणित आपल्या सगळ्यांना पाठ आहे: आयएफ १०.७, म्हणजे लोकल ऑसिलेटर १११.७ वर. खरखर झाली आणि त्या हिरव्या पीसीबीच्या छोट्या स्पीकरमधून एक बाई स्वच्छ मराठीत बोलायला लागली. विविध भारती, पुणे. बाई काय बोलत होत्या ते आता आठवत नाही. सगळी बॅच गप्प झाली एवढं मात्र आठवतं. दोन वर्षं आपण कॅरियर, साइडबँड, मॉड्युलेशन इंडेक्स करतोय, आणि या सगळ्यातून कोणीतरी *बोलतं* हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. व्हायवात मात्र सरांनी इमेज फ्रिक्वेन्सी विचारली आणि मी गार.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, आमच्या वेळी टीव्ही बघायला एक माणूस पत्र्यावर लागायचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या टॉवरवरून ते पुण्याला दिसायला लागलं. बाबांचं गाव खेड तालुक्यात, मध्ये डोंगर. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की सगळी आळी आमच्या घरात, आणि बाबा अँटेना धरून वर. "आलं का?" "नाही, सिंहगडाकडे फिरव!" "आता?" "आलं आलं... गेलं!" बाबांनी अर्धं रामायण फक्त ऐकलंय. मी त्यांना यागी-उदा अँटेनाचा बीमविड्थ समजावून सांगायला गेले. ते म्हणाले, "ते आम्ही हाताने शिकलो." २०२१-२२ पर्यंत दूरदर्शनने असे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करून टाकले. आता डिशची छत्री एकदा बसवली की कोणी पत्र्यावर चढत नाही.

असो. तर हे शिकायचं कुठे? मी शोधायला लागले आणि लक्षात आलं की सगळं नाकासमोर आहे, आपणच कधी बघत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग, १९६४ पासून चालू. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातच मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज विभाग. शैक्षणिक फिल्म्स करणारं ईएमआरसीही तिथेच. (यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला. आपण यूट्यूबवर रात्री दोन वाजता लेक्चर बघतो, त्याचे आजोबाच म्हणा.) आणि प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेलं एफटीआयआय. तिथे टीव्ही विंग आहे, ती १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्याला आली. त्या विंगमधल्या एका वर्षाच्या कोर्सचं नाव वाचून मी खुर्चीतून उडालेच: साउंड रेकॉर्डिंग अँड टेलिव्हिजन इंजिनियरिंग! पदवी हवी आणि बारावीला फिजिक्स हवं. बाबा, बघा, इंजिनियरिंग लिहिलंय त्यात!

शिवाय विद्यापीठाचा स्वतःचा रेडिओ आहे, विद्यावाणी, १०७.४ मेगाहर्ट्झ, २००५ पासून. मी बसमध्ये इयरफोन लावून ऐकायचा प्रयत्न केला. नाशिक फाट्यापर्यंत कसाबसा आला, भोसरीला नुसती खरखर. त्यात त्यांचा दोष नाही. कम्युनिटी रेडिओला साधारण १०० वॉटचीच परवानगी असते आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. १०० वॉट म्हणजे आपल्या लॅबमधले २५ वॉटचे चार सोल्डरिंग आयर्न. तेवढ्यात पाच-दहा किलोमीटर जातं. मुळात हीसुद्धा परवानगी सहज मिळालेली नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. (तो खटला कशावरून होता? क्रिकेटच्या मॅचेस टीव्हीवर कोणी दाखवायच्या यावरून! क्रिकेटने या देशाला काय काय दिलंय.) मग २००२ च्या शेवटी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. स्वतःच्या बातम्या अजूनही देता येत नाहीत, पण हवामान, वाहतूक, परीक्षा, पाणी, वीज यांची माहिती देता येते. वाहतूक! म्हणजे तळेगाव चौकातल्या जॅमवर चोवीस तास कार्यक्रम करता येईल, आणि एकही भाग रिपीट होणार नाही... किंवा सगळे सारखेच होतील.

इथपर्यंत मी हवेत होते. खाली कशी आले ते सांगते.

माझी मावसबहीण मीडियालाच आहे (कुठे ते लिहू नकोस म्हणाली). ती मला एका कम्युनिटी रेडिओवर घेऊन गेली. स्टुडिओ म्हणजे आपल्या स्टाफ रूमएवढी खोली, भिंतींना फोम, एक मिक्सर, दोन माइक. मिक्सरवरची सगळी बटणं मला माहीत होती, त्यामुळे मी भलतीच खुशीत होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "बोलून बघ ना. हा सरावाचा कागद वाच." कागदावर बाजारभाव होते. कांदा, बटाटा, मिरची, किमान, कमाल. सोपं वाटलं.

"कांदा... किमान भाव नऊशे, कमाल भाव एक हजार सहाशे..." पुढे लिहिलं होतं ७९. माझ्या डोक्यात लखकन आलं, सेव्हन्टी-नाइन. मराठीत? एकोण... एकोण काय? लाल दिवा चालू. माझ्या तोंडून निघालं, "एकोणनव्वद."

मॅडमनी टेप थांबवली (टेप नाही हो, सॉफ्टवेअर, पण सगळे अजून टेपच म्हणतात). शांतपणे म्हणाल्या, "एकोणऐंशी. तू शेतकऱ्याला क्विंटलमागे दहा रुपये जास्त सांगितलेस. त्याने पन्नास क्विंटल आणला असेल तर पाचशे रुपयांचा हिशोब चुकला. आणि त्याला मागे जाऊन वाचता येत नाही." मग हसून म्हणाल्या, "आणि बाजारात एक हजार सहाशे कोण म्हणतं? सोळाशे म्हण."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. एम थ्री पहिल्या फटक्यात काढलेली मी. आणि मला ऐंशीच्या आतले आकडे माझ्या भाषेत म्हणता येत नाहीत.

घरी येऊन मी पहिल्यांदा मॅडमचा राग केला, मग शाळेचा, मग मराठीचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बहात्तरच्या जोडीला 'सत्तर दोन' असं वाचन आलं होतं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता, आठवतो? मंगला नारळीकर मॅडमनी तेव्हा मुलांना सोपं जातं म्हणून त्याची बाजू मांडली होती. मी म्हटलं, बरोबरच आहे! सत्तर नऊ असतं तर माझी अब्रू वाचली असती. आजीवर प्रयोग केला. "आजी, कांदा सोळाशे सत्तर नऊ." आजीने विचारलं, "सोळाशे सत्तर का सोळाशे नऊ?"

आता बोला. दुसरीतल्या मुलाला ते सोपं जात असेल, मी नाही म्हणत नाही. पण आजीच्या रिसीव्हरला एकोणऐंशी हा एकच सिम्बॉल आहे, तो तुटला की तिचं डिकोडिंग गडबडतं. आणि हॅमिंग कोडवर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्या मला हे कळायला आजी लागली. मॅडमना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर आम्ही आकडा दोनदा म्हणतो." म्हणजे रिडंडन्सी! सिलॅबसमध्येच होतं की.

त्यानंतर महिनाभर बसमध्ये माझा एकच उद्योग. पुढच्या गाड्यांचे नंबर मराठीत वाचायचे. एमएच चौदा, त्रेसष्ट सत्त्याऐंशी. आमच्या रस्त्यावर जॅम असल्याने सरावाला गाड्या कमी पडत नाहीत.

मग एका शनिवारी कॉलेज बुडवून (सर, माफ करा) चाकणच्या मार्केट यार्डात गेले. माझा जन्म इथला, पण कांद्याच्या बाजारात कधी पाय ठेवला नव्हता. आमचं चाकण म्हणजे एमआयडीसी, कंपनीच्या बसेस, शिफ्ट. मोबाईलला वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून रुमाल गुंडाळला आणि एका काकांसमोर धरला.

"काका, कांदा स्टोअर कुठे करता?"

"स्टोअर?"

"म्हणजे... कांदाचाळ?"

"चाळ नाशिकवाल्यांची. आमच्याकडं बराख म्हणत्यात. बराख!"

मी विचारलं, भाव कसा कळतो? म्हणाले, मोबाईलवर येतो, पण कधी कालचा असतो, कधी कोणाचा भलताच. मग त्यांनी कांदा हातात घेऊन दाखवला, पत्ती कशी सुटते, मान कशी वाळलेली हवी. रेडिओला ते दिसणार नाही हे माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "काका, हातात काय आहे ते सांगा ना." ते सांगायला लागले. तेवढ्यात मागे लिलाव सुरू झाला. शेवटी काकांनी विचारलं, "कोणत्या टेशनवर लागणार हे?"

"सध्या कुठंच नाही," मी म्हटलं.

"मग एवढं बोलायला लावलं व्हय!" असं म्हणून ते हसले आणि मला दोन कांदे दिले.

रात्री ऑडॅसिटीवर बसले. नॉइज रिडक्शन लावलं तर काका पाण्याखालून बोलल्यासारखे वाटायला लागले आणि लिलाव गायबच झाला. अनडू केलं. आवाज राहू दे, बाजार आहे. चार मिनिटांचा तुकडा झाला. सुरुवातीला मी, शेवटी त्या दिवशीचा भाव, दोनदा.

बाबा सेकंड शिफ्टहून साडेबाराला आले. मी इयरफोन पुढे केला. जेवता जेवता त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "परत लाव." पुन्हा ऐकलं.

"तो माणूस बराख म्हणतो ना, तिथं आवाज बारीक झालाय. तेवढा वाढव."

"आणि कोर्सचं?"

"आधी प्लेसमेंटला बस. मग बघू."

प्लेसमेंटचा फॉर्म भरलाय. एफटीआयआयच्या मागच्या वर्षांच्या प्रवेशपरीक्षेचे पेपर प्रिंट काढून ठेवलेत, ते आईला माहीत आहे. बराखीचा आवाज तीन डीबीने वाढवलाय.