मुठीतला किडा आणि चुन्यातला मका

आधी किड्याचं सांगते, कारण डोक्यात अजून तोच आहे. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरापासून तीसेक किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये हे झापोतेक विणकरांचं गाव. तिथे एका घराच्या अंगणात रंगकाम शिकायला बसले होते. शिकवणाऱ्या बाईंनी निवडुंगाचं फड पुढे धरलं. त्यावर पांढरे, कापसाळ ठिपके. त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, चिरडा. चिरडला, तर कुंकवाचा करंडा उपडा व्हावा तसा हात लालभडक!

आणि ही तर नुसती सुरुवात. त्यावर लिंबाचे दोन थेंब पडले, लाल केशरी झाला. बाजूला चिमूटभर चुना चोळला, तिथे जांभळा! एका तळहातावर तीन रंग, एकाच किड्याचे. मी लगेच दुसरा हात पुढे केला. बाई हसल्या, येणारं प्रत्येक माणूस हेच करत असणार.

हा कोचिनियल. रंग असतो मादीत. किडे वाळवतात आणि मेटातेवर, म्हणजे तीन पायांच्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून वाटतात. अर्ध्या किलोच्या आतबाहेर रंगाला सत्तरेक हजार किडे लागतात म्हणे. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोल याचंच होतं. इंग्रज अफसरांचे लाल डगले? तेही याच किड्याचे! वर्गात मागावरही बसवतात. तो पायट्यांचा माग आणि मेंढीची लोकर, दोन्ही स्पॅनिश लोकांनी आणलेली. पण खरं सांगू, मागावर बसूनही माझं लक्ष रंगाच्या पातेल्याकडेच होतं.

चुन्याची ओळख मात्र आदल्या दिवशी, शहरातल्या बाजारांतून खातखात फिरताना झाली होती. वीस नोव्हेंबर या नावाच्या बाजारात एक अख्खी गल्ली धुराने भरलेली असते: मांस निवडायचं, तिथल्या तिथे कोळशावर भाजून घ्यायचं, टोर्टिया आणि चटण्या शेजारच्या बायकांकडून. बाहेर टोपल्यांत लसूण-लिंबू-मीठ लावून भाजलेले टोळ. खाल्ले. कुरकुरीत, आंबट, झकास! पुढे एक बाई कोपरापर्यंत हात घालून तेहाते घुसळत होती. भाजका मका, कोको, एक सुवासिक फूल आणि मामे या फळाची बी वाटून केलेलं हे थंड पेय. वर जाड पांढरा फेस. मामे चिकूच्याच कुळातलं, आणि घोलवडचा आपला चिकूही मूळचा याच मुलखाकडचा.

पण मी थबकले ती मक्यापाशी. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. साल सुटते, वाटलेलं पीठ चिकट होऊन छान थापलं जातं, आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना इथेच ठेवला. मग केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे याच नायसिनच्या अभावाच्या रोगाने, गाठलं. हजारो वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असेल? आपण मक्याची भाकरी थापतो आणि चुना लावतो पानाला!

रात्री आईला फोन केला. टोळ ऐकून ती गप्प झाली. किडा ऐकून म्हणाली, "हात धुतलेस ना?" मक्याचं ऐकल्यावर मात्र सरसावून बसली असावी.

"किलोला किती चुना?"

"दहाएक ग्रॅम. खायचाच घे हं, भिंतीचा नको."

"एवढं कळतं मला. थांब, लिहून घेते. उकळायचं किती वेळ?"

ते मी विचारलंच नव्हतं. सकाळी पहिली बाजारात गेले.