रिकाम्या कणगीचा रोग

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. पाय माणसाविषयी पुष्कळ काही सांगतात. माझा पहिला धर्मग्राम आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होता. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याच्या घोट्यावर मला एक खोल, सुरकुतलेला व्रण दिसला. मिस्सा आटोपल्यावर मी त्यांना त्याविषयी विचारले.

"नारूची खूण हाय ती, फादर," ते म्हणाले. "बारवेत उतरून पाणी भरायचो. मग पायातून दोरा बाहेर पडायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सुजून भोपळा." त्या वर्षी त्यांची ज्वारी कापणीवाचून शेतातच उभी राहिली होती. एवढे सांगून ते गप्प झाले.

पुढे पश्चिम आफ्रिकेतील मालीविषयी वाचताना हे आजोबा मला आठवले. तेथील डोगोन लोक नारूला 'रिकाम्या कणगीचा रोग' म्हणतात. नारूने माणूस सहसा मरत नाही. परंतु नेमक्या पेरणीच्या वा कापणीच्या दिवसांत तो अंथरुणाला खिळतो. पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवाबरोबर नारूच्या अळ्या पोटात जातात. वर्षभर काहीच कळत नाही. मग हातभराहून लांब मादी त्वचेला फोड आणून बाहेर येते. आग असह्य झाली की रोगी पाय पाण्यात बुडवतो, आणि मादी लाखो अळ्या त्याच पाण्यात सोडते. तहानलेले गाव तेच पाणी पुन्हा पिते.

या रोगाला लस नाही. त्याचे जंत मारणारे औषधही नाही. अशा रोगाला ज्यांनी आपली उमेद वाहिली, त्या डॉ. डोनाल्ड हॉपकिन्स यांच्याविषयी मला विलक्षण आदर वाटतो. १९४१ साली मायामीत एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेत इजिप्तच्या प्रवासात त्यांनी डोळ्यांच्या विकाराने पिडलेली माणसे पाहिली आणि उष्ण कटिबंधातील रोगांकडे वळण्याचा निश्चय केला. १९६७ साली ते सिएरा लिओनमध्ये देवी निर्मूलनाचे काम पाहू लागले. देवी गेल्यावर, १९८० च्या सुमारास, त्यांनी नारूचा विषय हाती घेतला. आणखी कोणी घेतला असता असे मला वाटत नाही. ज्यांना हा रोग होई, त्या खेड्यांचा आवाज कोठेच पोहोचत नव्हता.

१९८६ साली आफ्रिका व आशिया मिळून वर्षाला सुमारे पस्तीस लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेत हॉपकिन्स दाखल झाले, आणि १९८८ साली दोघे घानातील देंचिरा या खेड्यात गेले. एक स्त्री छातीशी काहीतरी धरून उभी होती. कार्टरांना वाटले, तान्हे मूल असावे. पाहतात तो तिच्या स्तनातून नारू बाहेर पडत होता.

हत्यारे तरी कोणती? पाणी गाळण्याचे कापड, तळ्यात टाकायचे सौम्य कीटकनाशक, आणि रुग्णाने पाण्यात पाय घालू नये म्हणून घरोघर जाऊन केलेली विनवणी. १९९५ साली सुदानच्या यादवीत कार्टरांनी जवळपास सहा महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला, तो गावोगाव ही कापडे पोहोचावीत म्हणून. आपल्या देशात १९८३ च्या सुमारास राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरींचा वापर थांबवला गेला, हातपंप आले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

अरण्यात इस्राएल लोकांना डसलेले आग्ये साप म्हणजे नारूच असावेत, असे काही अभ्यासक म्हणतात. काठीवरच्या पितळेच्या सापाचा संबंधही ते काडीला गुंडाळलेल्या नारूशी जोडतात. गणनेच्या पुस्तकातील तो अध्याय मी सेमिनरीत शिकलो आहे. मला हे पटत नाही. मात्र मोशेची आठवण मला वेगळ्याच कारणाने होते. नबो पर्वतावरून त्याला वचनदत्त देश दिसला, पाऊल मात्र ठेवता आले नाही.

नारू संपविण्याची पहिली मुदत १९९५ ची होती, ती टळली. पुढच्याही टळल्या. चाड देशात दहा वर्षे एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. २०१० साली रोग पुन्हा दिसला, आणि २०१२ पासून तो कुत्र्यांतही सापडू लागला. आयुष्यभर माणसांना समजावल्यावर आता कुत्र्यांना कोण समजावणार? ती बांधून ठेवावी लागतात, त्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरावी लागतात. आपल्याआधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा कार्टरांनी २०१५ साली कर्करोगाचे निदान झाल्यावर बोलून दाखवली होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभराव्या वर्षी, ते गेले. त्या वर्षी जगभरात पंधरा माणसांना नारू झाला होता.

भारत नारूमुक्त झाल्याची बातमी मी त्या आजोबांना मुद्दाम सांगितली होती. घोट्यावरून हात फिरवीत त्यांनी विचारले, "आनि जिथं अजून हाय, तिथं पाणी कोण गाळून देतं?"