गोल दिसतं म्हणून

अंतराळातून पडणाऱ्या सूक्ष्म उल्का शोधायला गोंदियात गच्चीवर चुंबक फिरवला की त्याला आधी चिकटतो तो आपलाच जिल्हा. तिरोड्याच्या ३३०० मेगावॉटच्या वीज केंद्रातल्या कोळशाची राख, जंक्शनवरच्या चाकांची झीज, वेल्डिंगच्या ठिणग्या, दिवाळीचे फटाके. राईस मिलच्या भुशाची राख तेवढी त्रास देत नाही. ती बहुतेक सिलिका, चुंबकाला दाद देत नाही.

यातले कितीतरी कण सूक्ष्मदर्शकाखाली काळेभोर, चकचकीत, गोल दिसतात. वितळलेला थेंब हवेत थिजला की गोल होणारच, मग तो भट्टीतून उडालेला असो की अंतराळातून आलेला. म्हणूनच शहरी छतांवर सूक्ष्म उल्का शोधण्याला तज्ज्ञ हसत असत. नॉर्वेचा जॅझ गिटारवादक यॉन लार्सन याने शास्त्रज्ञ मॅथ्यू गेंज यांच्यासोबत २०१७ मध्ये छतांवरचे सुमारे पाचशे अस्सल कण मांडले, तेव्हा ते थांबलं. गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ हेच कण हिंदी महासागराच्या तळातून काढतात. तिथे शेजारी वेल्डिंगचं दुकान नसतं!

आम्हाला कणातली मूलद्रव्यं दाखवणाऱ्या ईडीएसच्या आलेखाशिवाय गत्यंतर नाही. माझी नजर आधी जाते मॅग्नेशियमकडे. दगडी सूक्ष्म उल्केत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू जवळपास सारखे, ॲल्युमिनियम मात्र थोडं. राखेत उलट, कोळशातल्या मातीचं ॲल्युमिनियम भरपूर. सोडियम-पोटॅशियम ठळक दिसलं तरी मी थबकतो, कारण वातावरणात शिरून वितळताना ते बव्हंशी उडून जातं. बेरियम, स्ट्रॉन्शियम दिसलं तर फटाक्याचा संशय.

निकेल दिसलं की उल्का, हे नवशिक्यांचं आवडतं सूत्र मला पटत नाही. स्टेनलेस स्टील घासलं की उडणाऱ्या धुळीतही निकेल असतं, सोबत भरपूर क्रोमियम. उलट अस्सल कणातलं निकेल लोखंडासह मणी होऊन, वेग मंदावताना बाहेर निसटलेलं असू शकतं. असा निकेल-हरवलेला कण फेकायचा नसतो. मॅग्नेशियम त्याची साक्ष देतं. सगळ्यांत अवघड लोहऑक्साइडचे गोळे. तिथे मॅग्नेशियमचा उपयोग नाही, मग कण रेझिनमध्ये बसवून, घासून, आत निकेलयुक्त लोखंडाचा गाभा आहे का ते बघावं लागतं.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी म्हणूनच आधी वेल्डिंगच्या दुकानातली झाडलोट आणि कोळशाची राख आणायला लावतो. त्यांचे आलेख वहीत चिकटले की मग गच्ची.