भटिंड्याचा नरमा

सन २०१५ च्या सप्टेंबरात पंजाबातील भटिंड्याकडे गेलो होतो. कपाशीला तिकडे ‘नरमा’ म्हणतात. दुरून रान हिरवे दिसले; जवळ जाताच चिकट्याने काळवंडलेली पाने दिसली. पान उलटले, तो पांढऱ्या माशीचा थवा उडाला.

“८ फवारे मारले साहेब, माशी मरेना,” एक म्हातारे सरदारजी म्हणाले. शेजारी उभ्या नरम्यात ट्रॅक्टर फिरत होता.

तेच ते औषध फवारले की नाजूक माशा मरतात, चिवट उरतात. पुढची वीण त्यांचीच. ढालकिड्यासारखे मित्रकीटकही मरतात.

बंधु-भगिनींनो, आधी पान उलटून पाहा. गरजेपुरतेच फवारा. पुढच्या वेळी निराळ्या गटाचे औषध घ्या. नुसते नाव बदलून भागत नाही. डब्यावरचा घटक वाचा.