पाठराखीण

चप्पल हरवणं ही काही मोठीशी गोष्ट नाही. देवळाबाहेर हरवते, लग्नाच्या हॉलबाहेर हरवते, कीर्तनाला तर ती हरवायलाच न्यायची असते. पण या सगळ्या चपला पायातून काढून ठेवल्यावर हरवतात. चालत्या पायातली चप्पल हरवण्याचा मान माझ्या माहितीत फक्त माझ्याकडे आहे.

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी डोंबिवलीला गाडीतून उतरलो, म्हणजे नेहमीप्रमाणे उतरवला गेलो. पूल चढलो, पूल उतरलो, कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस केली आणि चालत घरी आलो. हिनं दार उघडलं, हातातली पिशवी घेतली, खाली बघितलं आणि म्हणाली,

"अहो, डावी कुठंय?"

"डावी कोण?"

"चप्पल!"

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या पायाला डांबर होतं. टाचेत काचेचा एक तुकडा रुतून बसला होता आणि पायपुसण्यावर रक्ताचा ठसा उमटत होता. मला वाटलं, आता ही हसेल. तीस वर्षांत माझ्या वेंधळेपणावर हसायची संधी हिनं एकदाही वाया घालवलेली नाही. पण ही हसली नाही. चिमट्यानं काच काढताना तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दुखत नाही तुम्हांला?"

दुखत नव्हतं. हीच तर भानगड होती.

आता थोडं मागं जायला हवं. 2021 सालापर्यंत मी एकशे सव्वीस किलोंचा गृहस्थ होतो. शेअर रिक्षावाले मला बघितलं की "दोनच सीट" असं ओरडायचे. मधुमेह होता, गुडघे बोलायचे, आणि रात्री माझ्या घोरण्यानं खालच्या मजल्यावरचे अण्णा उठून पाणी पिऊन यायचे. सगळे उपाय झाले. शेवटी पोटाचं ऑपरेशन ठरलं. बायपास. हृदयाची नव्हे, जठराची! अमेरिकेत आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 साली पहिल्यांदा केलेली ही करामत आता दुर्बिणीतून होते, एवढं वाचून मी निर्धास्त झालो. पुढचं वाचायला हवं होतं.

सर्जनबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "काका, जठराचा वरचा एवढासा भाग ठेवायचा, दोन मोठे चमचे मावतील इतका. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न थेट पुढं सोडायचं."

महामार्गाला बायपास झाला की गावातल्या हॉटेलवाल्यांचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. गाड्या बाहेरच्या बाहेर भुर्रकन जातात आणि इकडे वडे निवत बसतात. माझ्या आतड्यात नेमकं तेच झालं. लोह आणि कॅल्शियम उतरवून घेणारी मंडळी मुख्यतः त्या पहिल्या टप्प्यात पाट्या घेऊन बसलेली असतात. आता त्यांच्या दारावरून गाडीच जात नाही. पुढच्या मुक्कामावर जे काय थोडंफार उतरेल ते उतरेल.

बी-ट्वेल्व्हची तऱ्हा आणखी न्यारी. हे जीवनसत्त्व म्हणजे जुन्या काळची नवरी. एकटी सासरी जाणार नाही. अन्नातून तिला सोडवायला जठरातलं आम्ल लागतं आणि पुढं जठरातूनच एक पाठराखीण सोबत मिळावी लागते. त्या दोघी हातात हात घालून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला पोचतात, तेव्हा कुठं नवरीचा गृहप्रवेश होतो. माझं जठर बंद पडलेल्या गिरणीसारखं बाजूला पडलेलं. आम्लाचा पत्ता नाही, पाठराखिणीची भेट होईल न होईल. नवरी आपली आली तशी निघून जाते.

हे सगळं सर्जनबाईंनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. गोळ्या जन्मभर, रक्ततपासणी दरवर्षी, चुकवायची नाही. मीही मान डोलावली होती. लग्नात भटजी काय काय वदवून घेतात त्याला आपण डोलावतो तशी.

पहिलं वर्ष मी आज्ञाधारक होतो. केस गळले, कंगव्यात एवढे यायचे की त्यातून दुसरा माणूस उभा राहिला असता. पण वजन झपाट्यानं उतरताना असं होतं, प्रथिनं सांभाळा, म्हणाल्या, आणि पुढं ते परतलेही. वजन एकोणऐंशीवर आलं. मधुमेहाची गोळी सुटली. ऑफिसात लोक मला ओळखेनात, आणि ज्यांनी ओळखू नये असं वाटत होतं तेही जवळ येऊन "काय घेता हो?" विचारायला लागले. आणि इथं माझ्यातला शहाणा जागा झाला. तब्येत ठणठणीत असताना गोळ्या कशाला? कॅल्शियमची गोळी तर अशी की गिळावी का तिच्यावर कॅरमचा स्ट्रायकर मारावा कळत नाही. एक दिवस चुकली, काही झालं नाही. आठवडा चुकला, काही झालं नाही. मग हिनं हातावर ठेवलेल्या गोळ्या मी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पेरायला लागलो. त्या वर्षी कढीपत्ता असा फोफावला की शेजारणी मागून न्यायच्या. ही म्हणायची, "माझा हातगुण!" वार्षिक तपासणीची तारीखही दोनदा गेली.

मी बँकेतला माणूस. एकतीस वर्षं लोकांची खाती सांभाळली, पण स्वतःचं खातं कसं चालतं ते मला कळलं नव्हतं. बी-ट्वेल्व्हचा साठा यकृतात असतो आणि तो बहुधा काही वर्षं पुरतो. म्हणजे जमा बंद झाली तरी चेक वटत राहतात. खातेदार खूश! त्यात आम्ही शाकाहारी, म्हणजे मुळातली शिल्लकच बेताची. (बी-वन मात्र रोजंदारीवरचं. दोन-तीन आठवड्यांत संपतं. म्हणून ऑपरेशननंतर उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी कळवा, अशी तंबी होती.) काटकसरीचा आव आणत मी ठेव खात बसलो होतो, आणि एके दिवशी पुलावर चेक परत आला. चपलेसकट.

दुसऱ्या दिवशी हिनं मला सर्जनबाईंपुढं नेऊन उभं केलं. त्यांनी तंबोरा जुळवायला बसल्यासारखा एक लोखंडी चिमटा काढला, टण्णकन वाजवला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" मला वाटलं त्या अजून टेकवतायत. मग घोट्यावर. तिथंही शांतता. मग म्हणाल्या, "काका, पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा." मिटले. आणि आयुष्यात थेंबालाही न शिवलेला मी असा डुललो की हिनं धावत येऊन दंड धरला.

रिपोर्ट आले. बी-ट्वेल्व्ह निदान दोनशे तरी हवं होतं ते शहाण्णव. हिमोग्लोबिन नऊ. ड जीवनसत्त्वाबद्दल तर बोलायलाच नको. सूर्याच्या देशात राहून माझी थकबाकी होती. सर्जनबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, रक्त भरून येईल. नसांचं सांगता येत नाही. लवकर सापडलं तर बहुतेक परत येतं. उशीर झाला तर काही कायमचं जातं. तुम्ही किती दिवस गोळ्या घेत नाही आहात?"

मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत होती. कढीपत्त्याची हकीकत मला तिथं, तिच्या देखत सांगावी लागली. परतताना रिक्षात ही एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर गॅलरीत गेली, कुंडीतली माती उकरली, आणि विरघळायच्या बाकी राहिलेल्या सात गोळ्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवल्या. मग पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. माझं वजन एकशे सव्वीस होतं तेव्हासुद्धा मला इतकं जड वाटलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात नवा कारभार आहे. इंजेक्शन आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. औषध कसं, तर कोकमाच्या आगळासारखं लालभडक. सुईनं गेलं की जठर नको, आतडं नको, पाठराखीण नको. नवरी पळून जाऊन लग्न करते. तोंडानं घेतलं तर शंभरातलं जेमतेम एक सोबतीवाचून आत शिरतं, म्हणून गोळीत डोस भरमसाट ठेवतात, हे मला फार उशिरा कळलं. मागच्या पिढ्यांचे हाल त्याहून वाईट. पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खायला घालून मायनॉट आणि मर्फी यांनी वाचवलं, आणि 1934 साली व्हिपल यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. हे मी जेवताना वाचून दाखवलं. आमच्याकडे गुरुवारी कांदा-लसूणही चालत नाही. हिनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला.

गोळ्यांची मात्र सुटका नाही. आणि त्यांचे मानापमान! लोह आणि कॅल्शियम या दोन जावा. एका वेळी एका स्वयंपाकघरात नांदायच्या नाहीत, मध्ये दोन तासांचं अंतर हवं. लोह सकाळी लिंबाच्या पाण्याबरोबर, तिला आंबट आवडतं. कॅल्शियम एकदम घ्यायचं नाही, दिवसातून तीन वेळा विभागून. तेही साधं खडूवालं नको, सायट्रेट पाहिजे, कारण खडूला विरघळायला आम्ल लागतं आणि ते आमच्याकडून गेलेलं. औषधवाला म्हणाला, "तेच ते, हे स्वस्त आहे." पूर्वीचा मी असतो तर हिशेब वाचवून घरी आलो असतो. आता चिठ्ठी पुढं केली. ड जीवनसत्त्वाची पुडी रविवारी दुधातून. खालचे अण्णा म्हणाले, "हे सगळं सोडा, नुसतं फॉलिक ॲसिड घ्या, माझ्या मेव्हण्याचं रक्त महिन्यात वाढलं." सर्जनबाईंना विचारलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. एकटं फॉलिक घेतलं तर रिपोर्टातलं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात. वर डिस्टेंपर, आत वाळवी. अण्णांना हे सांगितलं नाही. त्यांना अजून तीन मेव्हणे आहेत.

खरा घाव चहावर पडला. लोहाच्या आगेमागे चहा नको, तो लोहाला अडवतो. सकाळचा पहिला चहा दोन तास पुढं! मराठी माणसाला राज्य मागा, देईल. पहिला चहा मागू नका. सहा वाजता लोहाची गोळी घेऊन मी आठ वाजेपर्यंत पेपर वाचत बसतो. अग्रलेखसुद्धा वाचतो आताशा. इतकी वाईट वेळ आलीय.

मुलीनं मोबाईलमध्ये पाच गजर लावून दिलेत. पण खरा गजर दारामागं आहे. ती उरलेली उजवी चप्पल हिनं फेकली नाही. गोळी हातात घेऊन मी जरा रेंगाळलो, की ही काही बोलत नाही, नुसती त्या चपलेकडे बघते.

आणि रात्री परीक्षा असते. मी डोळे मिटून पडायचं, हिनं पायाच्या एकेका बोटाला हात लावायचा आणि विचारायचं, "कुठलं?" सुरुवातीला मी अंदाजपंचे उत्तरं द्यायचो. बँकेतल्या प्रमोशनच्या परीक्षाही मी तशाच दिल्या होत्या. एकदा तिनं विचारलं, "कुठलं?" मी ठासून म्हणालो, "करंगळी!"

"अहो, मी अजून हात लावलाच नाही."

त्यानंतर मी फसवायचं सोडलं. उजवा पाय सहा महिन्यांत पास झाला. डावा अंगठा गेल्या दिवाळीत परत आला, त्या दिवशी हिनं लाडू केले आणि त्यातल्या एकाचा चतकोर मला दिला. करंगळीही आली. डाव्या पायाची मधली दोन बोटं तेवढी अजून काही बोलत नाहीत.

काल रात्रीही तिनं विचारलं, "कुठलं?"

"नाही कळत गं."

"बरं," ती म्हणाली. मग बराच वेळ थांबली. "आता?"

"तू हात काढलास का?"

"नाही," ती म्हणाली. "तिथंच आहे."